आधी दारं, मग दिवे

वाचकहो, दिवाळी अंकात नाइटक्लबच्या सजावटीवर लेख, आणि तोही सत्तरी ओलांडलेल्या निवृत्त प्राध्यापकाचा, हे पाहून कोणाच्या भुवया उंचावल्या तर नवल नाही. तरुण पिढी कशी वाया चालली आहे हे सांगायला मी बसलेलो नाही, हे आधीच स्पष्ट करतो. माणसांनी एकत्र जेवावं, गावं, नाचावं; गणपतीत आणि नवरात्रात आपण तरी दुसरं काय करतो? माझा प्रश्न वेगळा आहे. ज्या जागेत आधी जेवण आणि मग नाच असतो, तिची सजावट कोणती वेळ डोळ्यांपुढे ठेवून करायची?

पुंगोलला कोणी नाइटक्लबसाठी येत नाही. इथे संध्याकाळी पुंगोल सेटलमेंटला समुद्राकाठी मासे खावेत, वारा खावा आणि घरी जावं. पण आपली जांभळी मेट्रो इथून निघते ती लिटल इंडिया आणि क्लार्क की करत हार्बरफ्रंटला पोचते. गाडी न बदलता आपली मुलं-नातवंडं शनिवारी रात्री क्लार्क कीला जातात. शिवाय ऑफिसच्या पार्ट्या, वाढदिवस, लग्नाचे संगीत, अगदी दिवाळीचे स्नेहमेळावेही आता अशाच जागांत होऊ लागले आहेत. आठ वाजता बुफे, दहा वाजता टेबलं भिंतीकडे सरकवायची, मग डीजे. डिसेंबरात भारतात गेलं की मुंबई-पुण्याच्या गच्च्यांवर आणि गोव्यात हाच क्रम असतो. तेव्हा विषय दूरचा नाही, आपल्या घरातलाच आहे.

आता थोडा हिशेब. टेबल-खुर्ची मांडून बसलेल्या माणसाला साधारण दीड चौरस मीटर जागा लागते, असा ठोकताळा जगभर वापरतात. उभ्या गर्दीत तेवढ्याच जागेत दोनाहून जास्त माणसं मावतात. म्हणजे १०० चौरस मीटरच्या दालनात आठ वाजता ६५ माणसं जेवत असतील, तर टेबलं हटवल्यावर त्याच दालनात १५० माणसं सहज उभी राहतील. जागा तीच, जिने तेच, दारं तीच. माणसं मात्र दुपटीहून जास्त. त्यात दिवे मंद झालेले, आवाज इतका की शेजाऱ्याचं ऐकू येत नाही, आणि बऱ्याच जणांनी दोन-चार पेले घेतलेले. कागदावर ही एक जागा आहे. प्रत्यक्षात दोन आहेत. आराखडा आठ वाजताच्या जागेचा होतो, फोटो आठ वाजताच्या जागेचे निघतात, आणि संकट येतं ते बहुधा रात्री बाराच्या जागेत.

हे आजचं नाही. २८ नोव्हेंबर १९४२ रोजी बोस्टनच्या ‘कोकोनट ग्रोव्ह’ला आग लागली. हीसुद्धा जेवण आणि नाच एकत्र असलेलीच जागा. आत नकली माडाची झाडं, छताला ताणलेलं तलम कापड. परवानगी साधारण ४६० माणसांची, आत होती हजाराच्या आसपास. मुख्य दार फिरतं होतं, ते गर्दीने अडकलं. बाकीची काही दारं कुलूपबंद होती, काही आतल्या बाजूला उघडणारी. ४९२ माणसं गेली. फिरत्या दाराच्या बाजूला साधी, बाहेर उघडणारी दारं हवीत, वीज गेली तरी पेटणारे दिवे हवेत, बाहेरची वाट दाखवणाऱ्या पाट्या हव्यात, या नियमांना त्या रात्रीनंतर खरं बळ मिळालं. सिंगापूरनेही आपली किंमत मोजली आहे. २१ नोव्हेंबर १९७२ रोजी रॅफल्स प्लेसचं रॉबिन्सन्स हे दुकान जळालं, नऊ जण गेले, आणि त्यानंतर इथले इमारतींचे अग्निनियम कडक झाले. मॉलमध्ये जिन्यापाशी दिसणारी हिरवी पाटी फुकट मिळालेली नाही.

मी आयुष्यभर महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवलं, आणि ध्वनी हा माझ्या आवडीचा विषय. म्हणून एका गैरसमजाबद्दल बोलल्यावाचून राहवत नाही. शेजारी तक्रार करतात, मग मालक भिंतींवर आणि छताला फोम चिकटवतो. २० फेब्रुवारी २००३ रोजी अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमधला ‘द स्टेशन’ हा क्लब जळाला, १०० माणसं गेली. तिथे असाच पॉलियुरेथेन फोम शेजाऱ्यांच्या तक्रारींनंतर लावलेला होता. मंचावरच्या आतषबाजीने तो पेटला आणि दीड मिनिटाच्या आसपास आत श्वास घेणं अशक्य झालं. दहा वर्षांनी, २७ जानेवारी २०१३ रोजी, ब्राझीलच्या सांता मारिया शहरात ‘किस’ नावाच्या क्लबमध्ये तेच घडलं. तोच फोम, तशीच आतषबाजी, २४२ मृत्यू.

यातली चुटपुट लावणारी गोष्ट अशी की असा पातळ फोम आवाज अडवतच नाही. आवाज शोषणं वेगळं आणि अडवणं वेगळं. हार्वर्डमध्ये वॉलेस सॅबिन यांनी १८९०च्या दशकात एका व्याख्यानगृहात शेजारच्या नाट्यगृहातल्या गाद्या आणून मांडल्या आणि खोलीतला घुमारा किती कमी होतो ते मोजलं. मऊ, सच्छिद्र वस्तू घुमारा शोषते, खोलीतलं बोलणं स्पष्ट होतं. इतकंच तिचं काम. शेजाऱ्याच्या झोपेत शिरतो तो खर्जातला ठेका. तो अडवायला वजनदार भिंत लागते, किंवा मध्ये पोकळी ठेवलेल्या दोन भिंती, आणि फटी नसलेलं दार. म्हणजे ज्या कामासाठी फोम लावला ते काम झालंच नाही, आणि भिंतीवर इंधन मात्र चढलं. घुमाराच शोषायचा असेल तर दगडापासून बनवलेलं रॉकवूल तेच काम करतं आणि जळत नाही.

छताबद्दलही असंच. आग लागते तेव्हा गरम धूर आधी वर जातो, छताखाली साठतो आणि मग हळूहळू खाली उतरतो. छत जितकं उंच, तितका वेळ माणसांच्या हाती. जुन्या गोदामांत आणि गिरण्यांत ही उंची आयतीच मिळते. सिंगापूरचा प्रसिद्ध ‘झूक’ १९९१ साली जियाक किम स्ट्रीटवरच्या जुन्या गोदामांतच सुरू झाला. १९२७ सालचं सेंट जेम्स वीजकेंद्र २००६ साली रात्रीच्या करमणुकीची जागा झालं. मुंबईत गिरणगावाचंही तेच झालं, जिथे माग चालत होते तिथे टेबलं लागली. अशा उंच जागेत कापडाच्या झालरी, प्लॅस्टिकच्या फुलांचं छत, नकली गवताची भिंत घालणं म्हणजे मिळालेला वेळ परत करणं, आणि वर जळण पुरवणं. हल्ली फोटो चांगले येतात म्हणून हे सगळीकडे दिसतं, आपल्या समारंभांतही.

लोअर परळच्या कमला मिल्समध्ये २९ डिसेंबर २०१७ रोजी मध्यरात्रीनंतर गच्चीवरची रेस्टॉरंट्स पेटली, तेव्हा १४ जण गेले, त्यांत बहुसंख्य स्त्रिया. बरेच जण स्वच्छतागृहात गुदमरले. सांता मारियामध्येही अनेकांचे देह स्वच्छतागृहांतच सापडले. धुरात जे दार सापडतं ते माणूस ढकलतो. गोव्यात हडफड्याला डिसेंबर २०२५ मध्ये क्लबला आग लागून २५ जण गेले, त्यांत बहुतेक तिथे काम करणारे होते, पोटासाठी दूरच्या राज्यांतून आलेले. आपण पाहुणे ज्या दाराने शिरतो ते निदान आपल्याला ठाऊक असतं. स्वयंपाकघरातल्या मुलांना बाहेर पडायची वाट आहे का, हे कुठल्याच फोटोत दिसत नाही.

म्हणून माझं मत सरळ आहे. अशा जागेची सजावट रात्री बाराच्या जागेपासून सुरू व्हावी. आधी टेबलं काढल्यावर माणसं किती मावतात ते मोजावं आणि तेवढ्यांना पुरतील इतकी दारं ठरवावीत. बार बाहेरच्या वाटेवर आडवा नसावा, कारण सर्वांत दाट गर्दी तिथेच होते. बाहेरचं दार आणि स्वच्छतागृहाचं दार यांत अंधारातही गल्लत होणार नाही अशी त्यांची जागा, रंग आणि दिवे असावेत. आवाज कोंडण्यासाठी लागोपाठ दोन दारं लावतात, तीही बाहेर उघडणारी आणि गर्दीला पुरेशी रुंद हवीत. धोक्याची घंटा वाजली की संगीत आपोआप बंद आणि पांढरे दिवे पूर्ण चालू व्हावेत. स्वयंपाकघराला स्वतःची वेगळी वाट असावी. एवढं झाल्यावर मग रंग, झुंबरं, आरसे, हवं ते. चांगल्या डिझायनरला यात अडचण वाटू नये. बंधनात राहून सुंदर करणं हेच तर त्याचं कौशल्य.

कोणी म्हणेल, आपण सिंगापूरमध्ये राहतो, इथे नागरी संरक्षण दल आहे, आपण कशाला डोकं शिणवायचं? दल आहे हे आपलं भाग्यच. त्यांचे अधिकारी रात्रीही अचानक तपासणीला जातात. पण ते रोज जात नाहीत. मागच्या दारापाशी खुर्च्यांची चळत रचली जाते ती तपासणीनंतरच्या शनिवारी. ती हलवायला सांगणारा त्या वेळी हजर असतो तो फक्त गिऱ्हाईक, म्हणजे आपण. आणि भारतात गेल्यावर तर ही जबाबदारी जास्तच आपल्यावर येते.

माझी नात म्हणते, “आजोबा, तुम्ही जेवायला येता की दारं मोजायला?” मी म्हणतो, आधी दारं, मग जेवण, एक मिनिट लागतं. आता तीही शिरताना मागचं दार कुठे आहे ते बघते, मला चिडवत का होईना.

मंडळाच्या कार्यकारिणीला आणि समारंभ ठरवणाऱ्या सर्वांना विनंती. जागा आरक्षित करताना आपण मेनू विचारतो, पार्किंग विचारतो, डीजे किती वाजेपर्यंत वाजवेल ते विचारतो. त्याच दमात आणखी चार गोष्टी विचाराव्यात. टेबलं काढल्यावर किती माणसांची परवानगी आहे? दुसरं दार कुठे आहे, आणि कार्यक्रम चालू असताना ते आतून उघडतं का? छताला आणि भिंतीला जे लावलं आहे ते जळतं का? घंटा वाजली तर संगीत कोण बंद करणार? उत्तर देताना मालक अडखळला तर जागा बदलावी, मग बुफे कितीही स्वस्त असो. आणि केकवरची फुलबाजी, मंचावरचे ठिणग्यांचे फवारे या गोष्टी छताखाली नकोतच. फुलबाजीची जागा मोकळ्या आकाशाखाली आहे.

यात कुणाच्या आनंदावर विरजण घालायचा हेतू नाही. मुलं रात्री बाहेर गेली की घरातलं मोठं माणूस दाराच्या आवाजाकडे कान लावून झोपतं. तुमच्याही घरी तसंच असणार. सगळ्यांच्या घरचं ते दार वेळेवर वाजो. दिवाळीच्या मनःपूर्वक शुभेच्छा!