मिहान परिसरात स्वस्त चुलीचा महाग हिशेब

नागपूर, विशेष प्रतिनिधी - नागपूरची ओळख उन्हाळ्याची असली तरी येथील थंडीही कमी बोचरी नाही. २९ डिसेंबर २०१८ रोजी शहराचे किमान तापमान ३.५ अंश सेल्सिअसपर्यंत उतरले होते. वर्धा मार्गावरील मिहानच्या मोकळ्या माळावर, टिनपत्र्याच्या छपराखाली राहणाऱ्यांना अशी थंडी अधिक जाणवते. डिसेंबर-जानेवारीत या भागातील कुटुंबांपुढे एक साधा प्रश्न उभा राहतो. अंघोळीचे पाणी तापवायला, स्वयंपाकाला आणि पहाटे अंग शेकायला परवडेल अशी चूल कोणती? प्रश्न घरगुती वाटला, तरी त्याची मुळे विस्थापन, इंधनाचे दर आणि आरोग्य यांत गुंतलेली आहेत.

जमिनीबरोबर इंधनही गेले

महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीची स्थापना २००२ मध्ये झाली आणि मिहान प्रकल्पाला आकार येऊ लागला. शिवणगाव, खापरी, तेल्हारा, कलकुही, दहेगाव या गावांची शेती त्यासाठी संपादित झाली. आज याच परिसरात माहिती तंत्रज्ञान कंपन्यांच्या इमारती, विमान दुरुस्ती केंद्र आणि 'एम्स' रुग्णालय उभे आहे. त्यांच्या आसपासच पुनर्वसन वसाहती, जुन्या गावठाणांचे अवशेष आणि बांधकाम मजुरांच्या झोपड्याही आहेत.

विदर्भातील शेतकरी कुटुंबाला सरपण सहसा विकत घ्यावे लागत नाही. कापूस वेचून झाला की पऱ्हाट्या, तुरीची मळणी झाली की तुराट्या आणि गोठ्यातल्या शेणाच्या गोवऱ्या घरच्या घरी मिळतात. भूसंपादनाच्या मोबदल्यात जमीन, घर, विहीर आणि झाडे यांची मोजणी होते. दरवर्षी शेतातून फुकट येणाऱ्या इंधनाची नोंद मात्र त्यात नसते. शेत गेले, गुरे विकली गेली आणि पूर्वी बांधावर मिळणारे सरपण वखारीतून किलोच्या भावाने आणावे लागते. चुलीच्या निवडीचे गणित येथेच बदलते. इंधन फुकट असेपर्यंत चूल किती लाकूड खाते, हे कोणी पाहत नाही. इंधन विकत घ्यावे लागले की तोच मुद्दा पहिला ठरतो.

गॅस असूनही चूल का?

२०१६ मध्ये उज्ज्वला योजना सुरू झाल्यानंतर गॅसजोडण्यांची संख्या मोठ्या प्रमाणात वाढली. तरीही २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्वयंपाकासाठी स्वच्छ इंधन वापरणाऱ्या कुटुंबांचे प्रमाण देशात ५८.६ टक्के, तर ग्रामीण भागात सुमारे ४३ टक्केच आढळले. याचे एक कारण न्हाणीघरात सापडते.

चौघांच्या कुटुंबाला अंघोळीसाठी ६० लिटर पाणी लागते असे धरू. १५ अंशांचे हे पाणी ४५ अंशांपर्यंत तापवायला विजेच्या भाषेत सुमारे २.१ युनिट उष्णता लागते. गॅसवर हे काम करायचे तर रोज पाव किलोहून थोडा अधिक गॅस जळतो. थंडीच्या ९० दिवसांत केवळ अंघोळीसाठी १४.२ किलोची जवळपास पावणेदोन सिलिंडरे संपतात. विजेच्या रॉडवर तेवढ्याच काळात २०० युनिटच्या आसपास वीज लागते. त्यामुळे गॅस भाजी-पोळीपुरता राखून ठेवायचा आणि पाण्यासाठी मागच्या अंगणात चूल पेटवायची, ही तडजोड अनेक घरांत होते. तिला अडाणीपणा म्हणता येणार नाही. तो काटकसरीचा विचार आहे. मात्र ती काटकसर खरी ठरते की नाही, हे चुलीवर अवलंबून असते.

हिशेब मोसमाचा

वाळलेल्या १ किलो लाकडात साधारण साडेचार युनिट उष्णता असते. तीन दगडांच्या किंवा साध्या मातीच्या चुलीत त्यातली जेमतेम १० टक्के भांड्याला लागते आणि उरलेली हवेत जाते. वरील ६० लिटर पाण्यासाठी अशा चुलीत रोज सुमारे ४.७ किलो लाकूड जळते. सुधारित चुलीची कार्यक्षमता २५ टक्के धरली तर तेच काम १.९ किलोत होते. रोजचा फरक २.८ किलोचा आणि ९० दिवसांचा फरक अडीच क्विंटलचा. आपल्या भागातील वखारीच्या भावाने या अडीच क्विंटलला गुणले की फुकटात मांडलेली चूल एका हिवाळ्यात किती महाग पडते, हे कोणालाही काढता येईल.

'परवडणारी' चूल याचा अर्थ म्हणूनच कमी किमतीची चूल असा होत नाही. चूल आणि एका मोसमाचे सरपण यांची बेरीज पाहावी लागते.

निवडताना काय पाहावे

पहिला निकष उपयोगाचा. मुख्य गरज पाण्याची असेल, तर महाराष्ट्रातील जुना बंब आजही विचारात घेण्याजोगा आहे. त्याच्या मधल्या नळीत विस्तव आणि भोवती पाणी असते. जाळ चहूबाजूंनी पाण्याने वेढलेला असल्याने उष्णता कमी वाया जाते. काटक्या, तुराट्या, नारळाच्या करवंट्या असे किरकोळ सरपणही त्यात चालते. त्याची जागा मात्र घराबाहेर, उघड्यावर असावी.

मुख्य गरज स्वयंपाकाची असेल, तर भारतीय मानक १३१५२ ची खूण पाहावी. या मानकानुसार पंखा नसलेल्या चुलीची कार्यक्षमता किमान २५ टक्के आणि पंख्याच्या चुलीची किमान ३५ टक्के असावी लागते. धुरातील कणांसाठी पंख्याच्या चुलीवरील मर्यादा निम्म्याहून कडक आहे. पंख्याची चूल धूर कमी करते. पण ती महाग असते, तिला वीज किंवा बॅटरी लागते आणि लाकडाचे बारीक तुकडे करावे लागतात. या क्षेत्रातील संशोधन नागपूरकरांच्या दाराशीच आहे. येथील राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजेच 'नीरी'ने, लाकडासह गोवऱ्यांवरही चालणारी 'नीरधूर' ही चूल विकसित केली आहे.

दुसरा निकष लाकडाचा. ओल्या लाकडाच्या वजनात निम्म्यापर्यंत पाणी असू शकते. ते वाफ करण्यातच उष्णता खर्च होते आणि धूर वाढतो. थंडीचे सरपण आधीच आणून, फोडून, छपराखाली वाळवणे हा बिनखर्चाचा उपाय आहे. मालवाहतुकीच्या लाकडी चौकटी सरपणासाठी घेताना त्यांवरील शिक्का पाहावा. 'एचटी' म्हणजे उष्णता देऊन निर्जंतुक केलेले लाकूड, तर 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूने धुरी दिलेले लाकूड. दुसऱ्या प्रकारचे, तसेच रंगवलेले लाकूड आणि प्लायवूड चुलीत घालू नये.

शेगडी आणि बंद खोली

खरा धोका रात्रीचा आहे. दिवसभराच्या कामानंतर कोळशाची शेगडी खोलीत आणायची, दार-खिडकी लावायची आणि झोपी जायचे, हा प्रकार उत्तर भारतात दर हिवाळ्यात बळी घेतो. निखाऱ्यांना धूर नसतो, म्हणून ते निरुपद्रवी वाटतात. प्रत्यक्षात त्यांतून कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतो. त्याला रंग नाही, वास नाही आणि झोपलेल्याला जाग येण्याआधी तो शुद्ध हरपवतो. बाजारात मिळणारी कोणतीही सुधारित चूल किंवा शेगडी, धुराडे घराबाहेर काढलेले नसेल तर, बंद खोली तापवण्यासाठी नाही. ठेकेदारांनी मजुरांच्या वस्तीत पुरेशी पांघरुणे आणि छपराखाली अस्तर दिले, तर शेगडी आत नेण्याची वेळ पुष्कळ अंशी टळेल.

धुराचे परिणाम सावकाश होतात, एवढाच फरक. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० मध्ये घरातील प्रदूषित हवेमुळे जगात ३२ लाख मृत्यू झाले. चुलीपुढे सर्वाधिक वेळ जातो तो स्त्रियांचा आणि त्यांच्याजवळ बसलेल्या लहान मुलांचा.

जुन्या योजनेचा धडा

सरकारने या प्रश्नाला पूर्वीही हात घातला होता. १९८० च्या दशकात सुरू झालेल्या राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रमात २००२ पर्यंत देशात सुमारे साडेतीन कोटी चुली बसवल्याची नोंद झाली. त्यांतील अनेक चुलींना तडे गेले, धुराडी काजळीने तुंबली आणि दुरुस्तीला कोणी आले नाही. अनुदान बसवण्यासाठी होते, देखभालीसाठी नव्हते. पुण्याच्या 'आरती' संस्थेने पुढे वेगळी वाट धरली. कुंभार आणि स्थानिक कारागिरांना साच्यांवरून चुली घडवण्याचे शिक्षण दिले, जेणेकरून बनवणारा आणि दुरुस्त करणारा गावातच असेल.

मिहानच्या पुनर्वसन वसाहतींसाठी हा धडा लागू आहे. नागपूरच्या हिवाळ्यात ऊन स्वच्छ पडते. वसाहतींत सामाईक सौर पाणीतापक बसवले, तर अंघोळीच्या पाण्यासाठी चूल पेटवण्याची गरजच पुष्कळशी उरणार नाही. तोपर्यंत प्रमाणित चुली, वाळलेल्या सरपणाची रास्त दरातील वखार आणि दुरुस्ती करणारा एखादा कारागीर एवढी व्यवस्था प्रकल्पाच्या आवाक्याबाहेरची नाही. ज्यांच्या शेतांवर विमाने उतरवण्याची स्वप्ने आखली गेली, त्यांच्या अंघोळीच्या पाण्याचा हिशेब पुनर्वसनाच्या आराखड्यात यायला हवा.