नेम कुणावर धरताय?

माझी आजी चिमट्यानं पापण्यांचे केस उपटायची. रोज सकाळी, दारात बसून, हातात फुटक्या आरशाचा तुकडा. केस आत वळलेले. पापणी हलली की बुबुळावर घासायचे. खुपऱ्या. सरकारी दवाखान्यातला साहेब म्हणाला, "म्हातारे, तोंड धूत जा." गावच्या विहिरीवर तिला कोण पाय ठेवू देतं, हे साहेबानं विचारलं नाही. आजी आंधळी होऊन मेली.

म्हणून मित्रांनो, आज कविता नाही. आज हिशेब.

खुपऱ्या म्हणजे ट्रॅकोमा. क्लॅमिडिया जातीचा जंतू. बोटावरनं, फडक्यावरनं, माशीच्या पायावरनं एका पोराच्या डोळ्यातनं दुसऱ्याच्या डोळ्यात. पुन्हा पुन्हा होतो, पापणी आतनं व्रणांनी आखडते, केस आत वळतात. पोरपणी शिरलेला जंतू म्हातारपणी डोळा घेतो. बायकांचा जास्त, कारण पोरं त्यांच्या कुशीत.

औषध आहे. अ‍ॅझिथ्रोमायसिन. तोंडावाटे एकच डोस. मग ते द्यायचं कुणाला?

पांढरपेशा शहाणा म्हणतो, ज्याचा डोळा बिघडला त्यालाच द्या, नाहीतर जंतू औषधाला निर्ढावेल. भीती खोटी नाही. नायजर देशात लहान पोरांना वर्षातनं दोनदा हेच औषध दिलं. मरणारी पोरं कमी झाली. पण त्यांच्या अंगातले दुसरे जंतू औषधाला दाद देईनासे होऊ लागले. कबूल. पण रोग एका डोळ्यात राहतच नाही, तो घरात राहतो. एकाच पोराला गोळी दिली तर रात्री एका गोधडीत झोपलेली बहीण त्याला जंतू परत देते. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेचा नियम असा: १ ते ९ वयाच्या पोरांत १० टक्के किंवा जास्त रोगी सापडले, तर अख्ख्या जिल्ह्याला औषध. इथिओपियातल्या अम्हारा भागात फक्त पोरांना दर तीन महिन्यांनी औषध दिलं. २००९ साली निकाल छापून आला: औषध न घेतलेल्या मोठ्या माणसांतही जंतू जवळपास निम्म्यानं कमी. पोरं वाचली की वस्ती वाचते.

मग झालं काम? कसलं काय! त्याच अम्हारा भागात दहा वर्षांहून जास्त काळ गोळ्या वाटल्या, तरी कित्येक जिल्ह्यांतनं रोग हटला नाही.

इथं शहाणा पुन्हा उठतो. म्हणतो, अम्हारात तीन वर्षं पाण्याची सोय, संडास, स्वच्छतेचा प्रचार करून पाहिला; २०२२ साली निकाल आला, रोग कमी झाला नाही. बरोबर. हा निकाल लपवायचा नाही. पण तीन वर्षांची पाण्याची सोय आणि साबणाचं भाषण म्हणजे माणसाचं घर नव्हे. युरोपातनं हा रोग अशी औषधं निघायच्या आधीच ओसरू लागला होता. तिथं घरं बदलली, गर्दी कमी झाली, नळ आत आला.

ऑस्ट्रेलिया बघा. श्रीमंत देश. गोऱ्यांच्या घरातनं खुपऱ्या केव्हाच गेल्या. आदिवासींच्या वस्त्यांत पिढ्यान् पिढ्या राहिल्या. १९६६ साली वेव्ह हिलच्या गुरांच्या मळ्यावर गुरिंजी आदिवासींनी संप केला. डार्विनचा गोदी कामगार ब्रायन मॅनिंग स्वतःचा ट्रक रेशननं भरून शेकडो मैल संपकऱ्यांकडे गेला. गोणी उचलणारा, आपल्या धंद्यातला माणूस! १९६८ साली त्याच संपकऱ्यांकडे डोळ्यांचा डॉक्टर फ्रेड हॉलोज आला आणि ते डोळे बघून हादरला. १९७६ पासून त्याच्या पथकानं वस्त्यावस्त्यांत फिरून एक लाखाहून जास्त लोकांचे डोळे तपासले. आणि संपकरी काय मागत होते? पगार आणि जमीन. डोळ्याची वाट तिथनंच जाते.

ऑक्टोबर २०२४ मध्ये भारतानं ट्रॅकोमाचं सार्वजनिक आरोग्यावरचं संकट संपवलं, असं जागतिक आरोग्य संघटनेनं जाहीर केलं. आनंद आहे. वस्त्या तुडवणाऱ्या नर्सबाईंना सलाम. पण या दाखल्याचा अर्थ रोग ठरावीक मर्यादेखाली आला, एवढाच. शून्य नव्हे. आणि माझी आजी त्या दाखल्यात कुठेच नाही.

दोस्तहो, गोळी नाकारू नका. सगळ्या घरानं एकदम घ्या. पण गोळी हातावर ठेवून कुणी "तोंड धुवा" असं शिकवायला आला तर त्याला सांगा, तोंड धुण्याचा कार्यक्रम आम्ही १९२७ सालीच महाडला चवदार तळ्यावर केलाय. आता नळ कुठाय ते बोल.

नेम धरायचाच असेल तर पाणी अडवून बसलेल्या हातावर धरा.