रोग देहाचा की गावाचा?

आजारपण आले की आपण डॉक्टरांना गाठतो, पथ्यपाणी सांभाळतो आणि उरलेले दैवावर सोपवतो. रोग म्हणजे देहातला बिघाड, एवढीच आपली समजूत. समाजशास्त्राचे म्हणणे याहून व्यापक आहे. रोगाने कोणाला गाठावे आणि त्यातून कोण वाचावा, हे पुष्कळ अंशी घर, गल्ली, पाणी आणि माणसांचे परस्परसंबंध ठरवीत असतात. हा विचार समजून घ्यायला फार दूर जायला नको. इंदूरच्या रस्त्यांवरून तो शंभर वर्षांपूर्वीच वाजतगाजत गेला आहे.

प्लेगशी झुंजण्याची एक रीत पुण्याने १८९७ साली पाहिली होती. गोरे सोजीर माजघरांत आणि देवघरांत शिरले. लोकांना रोगापेक्षा तपासणीचीच दहशत बसली, रोगी लपवले जाऊ लागले आणि त्या संतापात रँड मारला गेला. पुढे होळकर दरबाराने पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकारास इंदुरास पाचारण केले; त्याचा अहवाल १९१८ साली प्रसिद्ध झाला. शहरावर प्लेगचे सावट होतेच. गेडिसने निराळी वाट धरली. त्याने दिवाळीची मिरवणूक योजली आणि जाहीर केले की, ज्या भागातील लोक आपली घरे नि रस्ते सर्वांत चोख ठेवतील, त्या भागातून ती जाईल. मिरवणुकीत घाणीचा राक्षस होता, प्लेगचा उंदीर होता. आणि शुभ्र कपड्यांत, गळ्यात हार घालून सफाई कामगार मानाने चालत होते.

हाच भाग आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो. उंदीर मारण्याचे औषध बाजारात मिळते. पण झाडूवाल्याला मान दिल्यावाचून गाव निरोगी होत नाही, हे गेडिसने ओळखले होते. हाच गृहस्थ १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा पहिला प्राध्यापक झाला.

आपल्या जुन्या वाड्यांची रचना आठवून पाहावी. मैला नेणारा माणूस मागच्या बोळातून येई. पुढच्या दाराशी त्याला थारा नव्हता. आपण सोवळे पाळले, आणि घाणीबरोबर येणारे रोग त्याच्या वाट्याला टाकले. हाताने मैला उपसण्यास बंदी करणारे कायदे १९९३ आणि २०१३ साली झाले. तरीही गटारात उतरलेली माणसे आजही गुदमरून मरतात. कागदोपत्री कारण विषारी वायू असे लागते. त्यांना तेथे कोणी आणि का उतरविले, याची नोंद कोणत्या रकान्यात करायची?

इंदूर २०१७ साली देशातील सर्वांत स्वच्छ शहर ठरले, याचा अभिमान आपणां सर्वांना आहे. तो खरा करायचा असेल, तर गणेशोत्सवात आरतीचा पहिला मान गल्लीतल्या सफाई कामगाराला द्यावा. आणि त्याच मंडळांनी नगरपालिकेकडे जाऊन गटारासाठी यंत्र मागावे. एवढे तरी यंदा करून पाहू या.