हार नंतर घालू, आधी विचारपूस करू

नंदुरबार जिल्ह्यातले शिक्षक, आश्रमशाळा व वसतिगृहांचे अधीक्षक, ग्रंथपाल, पत्रकार, संघटनांचे कार्यकर्ते, लिहिणारे-गाणारे आणि त्यांच्या घरची माणसं, या सर्वांना कळकळीचं आवाहन

येत्या 11 जूनला साने गुरुजींचा स्मृतिदिन आहे. त्यानंतर काही दिवसांतच शाळा उघडतील. धडगाव, अक्कलकुवा, तळोदा, नवापूरच्या आश्रमशाळांत पत्र्याच्या पेट्या घेऊन मुलं पुन्हा दाखल होतील. शाळा उघडण्याआधी आम्हाला तुमच्याशी एका विषयावर उघड बोलायचं आहे. तो पुढच्या वर्षावर ढकलण्यासारखा नाही.

साने गुरुजींनी 11 जून 1950 रोजी मुंबईत आत्महत्या केली. तेव्हा ते 50 वर्षांचे होते.

हे साधं विधान आपल्या किती शाळांमध्ये उच्चारलं जातं? तसबिरीला हार घातला जातो, प्रार्थना होते, ‘श्यामची आई’मधला एखादा उतारा वाचला जातो आणि वक्ते सांगतात की गुरुजी आपल्याला सोडून गेले. कसे गेले, हे कुणी सांगत नाही. मग एखादी मुलगी नववी-दहावीत केव्हातरी मोबाइलवर ते वाचते. तोपर्यंत तिला समजावणारं मोठं माणूस जवळ नसतं. ती स्वतःच अर्थ लावते. एक तर मोठ्यांनी काहीतरी लाजिरवाणं लपवलं असं तिला वाटतं, नाहीतर इतक्या थोर माणसानं केलं म्हणजे त्यात काहीतरी थोर असणार असं वाटतं. हे दोन्ही समज जिवावर बेतणारे आहेत आणि आपण गप्प राहतो म्हणून ते तयार होतात.

गुरुजींच्या मृत्यूबरोबर आपण त्यांचं बंडही झाकून टाकलं. पाठ्यपुस्तकातले गुरुजी हळवे, डोळ्यांत पाणी आणणारे. प्रत्यक्षात 1930 साली या माणसानं अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमधली नोकरी सोडून सत्याग्रहात उडी घेतली आणि पुढची किती तरी वर्षं तुरुंगात काढली. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली, ती लिहून घेणारा हात गुरुजींचा होता. आपलं नंदुरबार तेव्हा त्याच पश्चिम खानदेश जिल्ह्यात होतं. 1938च्या सुमारास अमळनेरहून त्यांनी ‘काँग्रेस’ नावाचं साप्ताहिक काढलं आणि खानदेशातल्या शेतकऱ्या-कामगारांची बाजू लावून धरली. मे 1947मध्ये पंढरपूरचं विठ्ठलमंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून त्यांनी प्राणांतिक उपोषण मांडलं. सनातन्यांच्या शिव्या खाल्ल्या, पण मंदिर खुलं झालं. आपल्या काळाच्या रीतीभातींशी या लेखकाचं आयुष्यभर पटलं नाही. असं न पटणं किती दमवतं, हे अशा वाटेनं चाललेल्यांनाच ठाऊक असतं.

या आवाहनाचा गाभा गुरुजींच्या वसतिगृहात आहे. प्रताप हायस्कूलच्या वसतिगृहात ते मुलांचं सगळं पाहत. आजारी मुलाच्या उशाशी बसत, विस्कटलेली अंथरुणं आवरत. मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचं हस्तलिखित दैनिक स्वतः लिहीत. कोण आज जेवला नाही, कुणाला घरची आठवण येते आहे, हे त्यांना न सांगता कळे. शेवटच्या काळातही ते पुतणी सुधाला पत्रं लिहीत होते. पाऊस, पाखरं, फुलं, पुस्तकं यांनी भरलेली ही पत्रं ‘साधना’ साप्ताहिकातून महाराष्ट्रभर वाचली जात. ती वाचताना लिहिणाऱ्याच्या मनात काय चाललं आहे, हे कुणाला दिसलं नाही.

सगळ्यांची विचारपूस करणाऱ्या या माणसाची विचारपूस कोण करत होतं? त्यांच्या मित्रांना दोष देण्यासाठी आम्ही हे विचारत नाही. त्यांनी जिवापाड प्रेम केलं. पण मनाचं दुखणं म्हणजे काय आणि त्यावर उपचार असतो का, याची जाण 1950 साली फार थोड्यांना होती. आज आपल्याला ती सबब नाही.

गुरुजी का गेले, याची उत्तरं तेव्हापासून दिली जातात. फाळणी झाली, गांधीजींचा खून झाला, त्यानंतर गुरुजींनी 21 दिवसांचं उपोषण केलं, स्वराज्याबद्दल भ्रमनिरास झाला. ही दुःखं खरी होती. पण तीच दुःखं उराशी घेऊन हजारो माणसं जगली, लढली, म्हातारी झाली. एखाद्या मृत्यूला देशाच्या दुःखाचं मोठं कारण चिकटवलं की तो उदात्त दिसू लागतो आणि त्याच वाटेवर उभ्या असलेल्या दुसऱ्या कुणाला ते बोलावणं वाटू शकतं. माणूस एका कारणानं जात नाही. बाहेरचे घाव, आतलं आजारपण, एकटेपण आणि नेमक्या त्या तासाला जवळ कुणी नसणं, असं बरंच काही एकत्र येतं. त्यातलं शेवटचं आपल्या हातात असतं.

असंच ज्यांच्याबद्दल बोलायला हवं, असं दुसरं नाव शाहीर विलास घोगरे यांचं. मुंबईच्या झोपडपट्टीत राहणारे, ‘आव्हान नाट्य मंच’मधून कष्टकऱ्यांची गाणी रचणारे आणि गाणारे हे कलावंत. आनंद पटवर्धन यांच्या ‘हमारा शहर’ या माहितीपटात त्यांचा आवाज आहे. 11 जुलै 1997 रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक रस्त्यावर उतरले, पोलिसांनी गोळीबार केला आणि 10 जण मारले गेले. 15 जुलैला घोगरे यांनी आपलं आयुष्य संपवलं. त्या धक्क्यातून पटवर्धन यांनी सुरू केलेला ‘जय भीम कॉम्रेड’ हा माहितीपट 14 वर्षांनी पुरा झाला. घोगरे चळवळीतल्या जवळच्या माणसांपासून काही काळ दुरावले होते, हेही त्यातून कळतं.

गुरुजींचा मृत्यू आपण लपवला, घोगरे यांच्या मृत्यूची घोषणा केली. एकाचा संत केला, दुसऱ्याचा हुतात्मा. दोन्ही वाटांनी आपली सुटका झाली, कारण संताला आणि हुतात्म्याला कुणी विचारत नाही की बाबा, तुला झोप लागते का, घरात दाणे आहेत का, आज कुणाशी बोललास का. गोळीबार करणाऱ्यांना जाब विचारलाच पाहिजे, त्यासाठी शाहिराचा मृत्यू हत्यार म्हणून वापरायची गरज नाही. शाहीर जिवंत असते तर तो जाब त्यांनीच गाऊन विचारला असता.

नंदुरबारला हुतात्म्यांचा मान कसा राखायचा ते शिकवावं लागत नाही. 9 सप्टेंबर 1942 रोजी शिरीषकुमार मेहता आणि त्याच्या सोबत्यांनी तिरंग्यासाठी गोळ्या झेलल्या, त्यांची आठवण या शहरानं मनापासून जपली. पण स्वतःच्या हातानं गेलेल्या माणसाबद्दल कसं बोलायचं, हे आपल्याला अजून जमत नाही. गावात असं कुणी गेलं की दबक्या आवाजात कारणं चघळली जातात, त्या घरावर बोट ठेवलं जातं, सोयरिकी अडतात आणि महिन्याभरात सगळे विसरतात. विसरत नाहीत ती त्या घरातली माणसं.

आणि हा जिल्हा लिहिणाऱ्या-गाणाऱ्यांचा आहे. 1972 साली शहाद्यात श्रमिक संघटना उभी राहिली, तेव्हा जमिनीच्या आणि मजुरीच्या लढ्याबरोबर गाणीही उभी राहिली. त्याच लढ्यातून आलेल्या वाहरू सोनवणे यांच्या ‘गोधड’ने 1987 साली मराठी कवितेला भिल्लांचा आवाज ऐकवला. त्यांच्या ‘स्टेज’ या कवितेतलं शल्य आजही जुनं झालेलं नाही : आमचं दुःख मंचावरून दुसरेच सांगतात आणि आम्ही खाली बसून ऐकतो. नर्मदेकाठच्या धरणविस्थापितांनी गाणी रचली, त्यांच्या आंदोलनाच्या जीवनशाळांतली मुलं ती गात मोठी झाली. आज भिलोरी, पावरी, मावची, देहवाली, अहिराणीत लिहिणारी तरुण मुलं-मुली गावोगाव आहेत. घरी त्यांना ‘हे काय पोट भरणार’ म्हणतात, गावात ‘शहाणा झाला’ म्हणतात, शहरातल्या संमेलनात ‘आदिवासी कवी’ म्हणून एक कविता वाचायला देतात. नोकरी नाही, पुस्तक छापायला पैसे नाहीत, दिवाळीनंतर घरचे सगळे ऊसतोडीला गुजरातेत. रात्री दोन वाजता व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर काळोखाच्या ओळी येतात, आपण त्याखाली ‘जबरदस्त’ लिहितो आणि झोपी जातो.

काळोखाची कविता लिहिणारा प्रत्येक जण धोक्यात असतो असं नाही. कित्येकांना तीच कविता तारते. म्हणून कवितेवर पहारा नको. कवितेचं कौतुक करून झालं की कवीला फोन करा, एवढंच मागणं आहे.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार 2022 साली महाराष्ट्रात 22,746 जणांनी आत्महत्या केली. त्या वर्षी इतर कोणत्याही राज्यापेक्षा हा आकडा मोठा होता. आपल्याला रोखायचं आहे ते या आकड्यात आपल्या ओळखीतल्या कुणाची भर पडणं. त्यासाठी आमच्या मागण्या अशा :

1. शाळांनी 11 जूनला किंवा शाळा उघडल्यावर पहिल्या आठवड्यात गुरुजींबद्दल खरं सांगावं. कसं केलं याचा तपशील सांगू नये, उदात्तही करू नये. सांगावं ते असं : गुरुजी थोर होते, त्यांचं मन खचलं होतं, तेव्हा अशा दुखण्यावर उपचार सहज मिळत नसत, आज आपल्याला मिळू शकतात. आणि लगेच मुलांना विचारावं, तुम्हाला असं वाटलं तर तुम्ही कुणाकडे जाल? ज्या मुलाला एकही नाव सुचणार नाही, त्याच्याशी त्याच दिवशी निवांत बोलावं.

2. अधीक्षकांनी रोज रात्री हजेरी घेताना चेहरेही पाहावेत. जेवण टाकणारं, आवडती वस्तू वाटून टाकणारं, एकाएकी गप्प झालेलं किंवा ‘मी नसलो तर बरं’ म्हणणारं मूल गंमत करत नसतं. ‘मरावंसं वाटतं का?’ असं सरळ विचारायला घाबरू नये. विचारल्यानं तो विचार मनात शिरत नाही, बहुतेकदा मनावरचं ओझं उतरतं. उत्तर ‘हो’ आलं तर मुलाला एकटं सोडू नये. आणि अधीक्षकांचीही विचारपूस कुणीतरी करावी. शंभरावर मुलांचा भार एकट्यानं वाहणारा माणूस थकतोच.

3. पत्रकारांनी आणि यूट्यूब चॅनेल चालवणाऱ्यांनी आत्महत्येच्या बातमीत पद्धत, जागा, चिठ्ठी आणि फोटो देऊ नयेत, एका कारणाचा शिक्का मारू नये. प्रेस कौन्सिलच्या 2019च्या मार्गदर्शक सूचनाही याच दिशेच्या आहेत. व्हिएन्ना शहरात 1987मध्ये वृत्तपत्रांनी भुयारी रेल्वेतल्या आत्महत्यांच्या भडक बातम्या थांबवल्या आणि तिथल्या अशा घटना झपाट्यानं कमी झाल्या. अडचणीतून सावरलेल्या माणसांच्या गोष्टी छापा, त्यानं जीव वाचतात.

4. संघटनांनी आणि साहित्य मंडळांनी मतभेदामुळे दूर गेलेल्या साथीदाराशी बोलणं तोडू नये. ठरावावर भांडा, पण फोन चालू ठेवा. कार्यक्रमाला बोलावलेल्या कवीला शालीबरोबर मानधन आणि परतीचं भाडं द्या.

5. सातपुड्यातल्या अनेक पाड्यांवर मोबाइलला रेंज नाही, तिथे हेल्पलाइनचा नंबर पुरत नाही. तिथे आशाताई, अंगणवाडीताई, शिक्षक आणि गावचा बडवा किंवा भगत हीच पहिली दारं आहेत. बडव्याला हिणवू नका, त्याला सोबत घ्या. तो धीर देईल, पुढच्या उपचारासाठी दवाखान्यात पाठवेल, असं त्याच्याशी बोलून ठरवा. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराचा दिवस आणि वेळ विचारून ती प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा. घरातली फवारणीची औषधं कुलपात ठेवा. संकटाची घडी अनेकदा थोडा वेळच टिकते, तेवढ्या वेळात हाताशी काही घातक नसलं तर जीव वाचू शकतो.

6. आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेल्या माणसाला पोलिसांची भीती घालू नका. 2017चा मानसिक आरोग्य सेवा कायदा सांगतो की असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरावं. त्याच्यावर उपचार करणं, त्याला सावरणं ही शासनाची जबाबदारी आहे.

आता तुमच्याशी, जे स्वतःच या काळोखात बसून हे वाचत असाल. तुमच्या लिखाणाला दुःखाचा पुरावा म्हणून तुमचा जीव लागत नाही. गुरुजींच्या नावावर कितीतरी पुस्तकं आहेत, तरी त्यांनी आणखी वीस वर्षं जगायला हवं होतं असंच आम्हाला वाटतं. ते पुस्तकांसाठी नाही, त्यांच्यासाठी. टेली-मानसचा क्रमांक 14416 हा दिवसरात्र चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. मुलांसाठी 1098 आहे. जिवावर बेतलं असेल तर 108. फोनवर बोलणं जमत नसेल तर शेजारच्या घरात जा आणि एवढंच म्हणा, ‘माझ्याजवळ बसा.’

बाकीच्या सर्वांना विनंती : आत्ता हे वाचताना तुमच्या मनात एक नाव आलं असेल. बरेच दिवस ज्याचा आवाज ऐकला नाही, जो सगळ्यांचं करतो पण स्वतःचं कधी सांगत नाही, असं कुणीतरी. 11 जूनची वाट न पाहता आज संध्याकाळपर्यंत त्याला फोन करा. रेंज नसेल तर बाजारच्या दिवशी गाठा, नाहीतर गाडी काढून पाड्यावर जा. तो ‘बरं आहे’ म्हणाला तरी लगेच निघू नका. जेवून या आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा जा.

आपले,
नंदुरबार जिल्ह्यातले काही वाचक, शिक्षक आणि लिहिणारे