निगा आधीं, नटवणें मागाहून

पेणच्या मूर्तिकारांच्या कारखान्यांत आपल्यापैकीं बहुतेकांनीं एकदां तरी डोकावून पाहिलें असेल. मूर्ति आधीं घडते, मग पुरती वाळते, आणि त्यानंतरच तिच्यावर रंग चढून डोळ्यांची आखणी होते. ओल्या मूर्तीस कोणी घाईनें रंग दिला, तर तो टिकत नाहीं. हा क्रम येथील लहान मुलासहि ठाऊक आहे. परंतु आपणच मोटार विकत घेतों, तेव्हां मात्र हा क्रम विसरतों. त्या विसरणारांत मी स्वतः होतों, हें आरंभींच सांगितलेलें बरें.

कांहीं वर्षांपूर्वीं मीं एक जुनी मोटार घेतली. दिवाळीच्या सुमारास हातीं थोडे पैसे शिल्लक होते. मेस्त्री म्हणाला, "सर, पुढचे दोन्ही टायर गोटा झालेत, ते बदला, ब्रेकचें कामहि करून घ्या." मीं "पाहूं" म्हटलें, आणि ते पैसे सीटांच्या नव्या आवरणांत, चाकांच्या चकाकत्या टोप्यांत व गाणीं ऐकण्याच्या यंत्रांत घातले. शेजाऱ्यांनीं मोटारीची फार वाखाणणी केली. टायरांची वाखाणणी कोणी करीत नसतो.

पुढें जुलै महिन्यांत आम्ही पेणहून रोह्यास निघालों. नागोठणें मागें पडलें, भिसे खिंडीचा उतार लागला, पाऊस कोसळत होता, आणि एकाएकीं एक गाय आडवी आली. मीं ब्रेक दाबला. चाकें थांबलीं, परंतु मोटार थांबली नाहीं. ती घसरत जाऊन कडेच्या गटारांत टेकली. मागें माझी वृद्ध आई व धाकटी मुलगी बसली होती. सुदैवानें कोणास इजा झाली नाहीं. मुलीनें एवढेंच विचारलें, "बाबा, गाडी थांबली कां नाहीं?" उत्तर मला ठाऊक होतें, म्हणूनच तें माझ्या तोंडून निघेना.

टायरांवरील खाचा शोभेकरितां नसतात. रस्त्यावरचें पाणी त्या वाटेनें बाहेर फेकलें जावें आणि रबर रस्त्यास भिडावें, हें त्यांचें काम. खाचा झिजल्या कीं पाण्याचा पातळ थर मध्यें राहतो व चाक त्यावर तरंगूं लागतें. खाचांची खोली १.६ मिलिमीटरवर आली, म्हणजे टायर बदलावा. त्याची खूण म्हणून खाचांच्या तळाशीं लहान उंचवटे ठेवलेलेच असतात. ब्रेकचें तेल हवेंतील ओल शोषून घेतें. असें ओलसर तेल लांब उतारावर तापलें, कीं त्यांत वाफेचे बुडबुडे होतात आणि ऐन वेळीं ब्रेक लागत नाहीं. म्हणून तें साधारणतः दोन वर्षांनीं बदलावयाचें असतें. शिवाय आपल्या खारेपाटाची खारी हवा व पावसाळ्यांतील चिखल मोटारीच्या पोटाखालीं मुकाट्यानें गंज चढवीत असतात. वरचा रंग कितीहि तकतकीत असो, त्यास याची वार्ता नसते.

कांहीं नटवणें तर केवळ निरुपयोगी नव्हे, अपायकारकहि असतें. मोटारीपुढें पोलादी दांडे बसविण्याची हौस पुष्कळांस आहे. वस्तुतः मोटारीचा पुढील भाग स्वतः चिरडून आघात सोसावा व आंतील माणसें वाचावींत, अशा बेतानेंच बनविलेला असतो. दांडा तो आघात थेट सांगाड्यास पोंचवितो, आणि एअरबॅग वेळेवर न उघडण्याचेंहि भय असतें. म्हणूनच अशा दांड्यांविरुद्ध कारवाई करावी, असें केंद्र सरकारनें २०१७ सालीं राज्यांस कळविलें.

हौसेला मोल नाहीं, असें आपण म्हणतों. मोटार सुंदर दिसावी यांत गैर कांहींच नाहीं. प्रश्न क्रमाचा आहे. पालकांस माझी विनंति इतकीच, कीं पावसाळा लागण्यापूर्वीं टायर, ब्रेक, वायपर व दिवे मेस्त्रीकडून तपासून घ्यावे, आणि उरलेल्या पैशांत खुशाल हौस करावी. विद्यार्थिमित्रांनो, तुम्हांसहि यांत काम आहे. महिन्यांतून एकदां, मोटार थंड असतांना, टायरांची हवा वडिलांबरोबर पाहत जा. ब्रेक दाबल्यावर मागचे लाल दिवे लागतात कीं नाहीं, तें मागें उभें राहून सांगत जा. या कामास पैसा लागत नाहीं, आणि टाळ्याहि मिळत नाहींत.

मुलीच्या प्रश्नाचें उत्तर मीं पुढच्याच आठवड्यांत दिलें. तिला मेस्त्रीकडे नेलें आणि जुना टायर व नवा टायर यांवरून तिचा हात फिरविला. चाकाची एक चकाकती टोपी त्या दिवशीं गटारांत गेली होती. तिच्या जागीं दुसरी मीं अद्याप बसविलेली नाहीं.