आधी कोड वाचा, मग पार्ट बदला

नागपुरात मनीषनगरचं रेल्वे फाटक बंद असलं की उभ्या गाड्यांची थरथर आपसूक कळायची. आता भुयारी मार्ग आहे. थरथर कळते ती वर्धा रोडच्या सिग्नलवर. पेट्रोल गाडीचं गरम इंजिन साधारण ७०० ते ९०० आरपीएमवर शांत चालायला हवं. काटा नाचू लागला की गॅरेजमध्ये ठरलेला सल्ला मिळतो: ‘भाऊ, इंजेक्टर बदलून टाका!’

घाई कशाची?

आधी स्कॅनर लावावा. पी०३०१ कोड आला तर पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर आहे. प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल असेल, तर पहिली आणि दुसरी आपसात बदलून पाहावी. कोड पी०३०२ झाला, तर दोष कॉइलचा. या तपासणीचा खर्च शून्य. कोड हलला नाही, तर प्लग बघावा, मग इंजेक्टर. कोडच नसेल तर थ्रॉटल बॉडीच्या कडेला साचलेलं काजळ, फाटलेला व्हॅक्यूम पाइप किंवा बसलेलं इंजिन माउंटिंग तपासावं. माउंटिंग गेलं असेल तर आरपीएम स्थिर राहतो, हादरे मात्र स्टिअरिंगपर्यंत येतात.

हे न तपासता पार्ट बदलणं म्हणजे ग्राहकाच्या खिशातून केलेला अंदाज. सापडलेला कोड बिलावर लिहायला सांगावा, जुना पार्टही मागून घ्यावा.