साधन मिळेल, जाणकार कुठून आणणार?

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या मध्यम कारखान्यात ग्राइंडिंग केलेल्या शाफ्टवर बारीक लाटा उमटू लागल्या, की यंत्राच्या माहितीपुस्तकाआधी एका माणसाचा शोध सुरू होतो. तीस वर्षे त्याच यंत्रांत वावरलेला हा फिटर येतो, चाकाचा आवाज ऐकतो, शाफ्टवरून नख फिरवतो आणि स्पिंडलचे बेअरिंग पाहायला सांगतो. चाक नव्याने ड्रेस करूनही, त्याचा तोल साधूनही लाटा जात नसतील, तर दोष चाकात नसून बेअरिंगमध्ये असण्याचा संभव अधिक, हा नियम त्याने कुठे लिहून ठेवलेला नसतो. तो निवृत्त होतो त्या दिवशी नियमही त्याच्याबरोबर फाटकाबाहेर जातो.

असे ज्ञान माणसाच्या डोक्यातून काढून यंत्रात साठवावे, या कल्पनेतून ‘तज्ज्ञ-प्रणाली’ जन्माला आली. ‘अमुक लक्षणे दिसली तर तमुक अनुमान काढावे’ अशा शेकडो नियमांचा संच आणि त्या नियमांवरून निष्कर्ष काढणारे यंत्रणेचे अंग, अशी तिची सर्वसाधारण रचना असते. स्टॅनफर्ड विद्यापीठात १९७० नंतरच्या दशकात रक्तातील जंतुसंसर्गाचे निदान करणारी ‘मायसिन’ तयार झाली. तिच्यातील वैद्यकाचे नियम वगळून उरलेला सांगाडा इतर विषयांसाठी वापरता येतो, हे लक्षात आल्यावर अशा रिकाम्या सांगाड्यांचा, म्हणजेच ‘शेल’चा, बाजार उभा राहिला.

हा बाजार प्रारंभी महागडा होता. अमेरिकेच्या ‘नासा’ या संस्थेलाही त्याचे चटके बसले. लिस्प भाषेवर आधारलेली साधने महाग होती, नेहमीच्या संगणकांवर सहज चालत नव्हती आणि इतर प्रणालींशी जुळवून घेत नव्हती. म्हणून ह्यूस्टनच्या जॉन्सन अवकाश केंद्राने १९८५ च्या सुमारास ‘सी’ भाषेत ‘क्लिप्स’ हे स्वतःचे साधन घडवले. आज ते कोणालाही विनामूल्य मिळते. आपल्याकडेही इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने १९८६ मध्ये ज्ञानाधारित संगणक-प्रणालींचा कार्यक्रम हाती घेतला. मुंबईच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राने ‘विद्वान’ नावाचे शेल रचले. ते केंद्र २००३ मध्ये पुण्याच्या ‘सी-डॅक’मध्ये विलीन झाले. म्हणजे साधन मिळवण्याची अडचण केव्हाच सरली आहे.

खरी अडचण निवडीची आहे. पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात आता ‘कृत्रिम बुद्धिमत्ते’च्या नावाने प्रणाली विकणाऱ्यांची वर्दळ आहे. जुन्या नियमांची जागा अनेक ठिकाणी आकडेवारीतून शिकणाऱ्या प्रणालींनी घेतली आहे. नाव कोणतेही असो, घेणाऱ्याने विचारावयाचे प्रश्न मात्र चाळीस वर्षांपूर्वीचेच आहेत. विक्रेत्याने सोबत आणलेल्या उदाहरणावर प्रणाली नेहमीच झकास चालते. परीक्षा घ्यायची ती आपल्या कारखान्यात पूर्वी झालेल्या बिघाडांवर, आणि तीही त्यांतील काही प्रकरणे विक्रेत्यापासून राखून ठेवून. प्रणालीने निष्कर्ष का काढला, हे तिला सांगता येते काय? ‘मायसिन’ला ते सांगता येत असे, आजच्या अनेक प्रणालींना ते नीट जमत नाही. आपल्या आवाक्याबाहेरचा प्रश्न आला तर ती तसे कबूल करते, की ठासून चुकीचे उत्तर देते? नियम बदलायचा झाल्यास विभागातील फोरमनला तो बदलता येईल, की दरवेळी विक्रेत्याचे दार ठोठवावे लागेल? उद्या त्याच्याशी करार संपला, तर आपलेच नियम आपल्याला वाचता येतील अशा रूपात परत मिळतील काय?

यांतील नियमबदलाचा प्रश्न गौण मानू नये. अमेरिकेतील डिजिटल इक्विपमेंट कंपनीने १९८० पासून संगणकांच्या जुळणीसाठी वापरलेली ‘एक्सकॉन’ ही या क्षेत्रातील यशस्वी प्रणाली मानली जाते. काही शे नियमांपासून तिचा पसारा हजारोंपर्यंत वाढला आणि नवी उत्पादने येत तसे जुने नियम सतत बदलावे लागले. तज्ज्ञ-प्रणाली ही एकदा विकत घेऊन कोपऱ्यात ठेवायची वस्तू नव्हे, तिची रोजची मशागत करावी लागते, हा तिचा धडा आहे.

ही मशागत करणार कोण, या प्रश्नापाशी तंत्रज्ञानाची चर्चा संपते आणि माणसांची सुरू होते. नियम सांगणारा फिटर विचारतो, की माझे ज्ञान एकदा पेटीत बंद झाले, तर माझी गरज काय उरणार? ज्या पट्ट्यात कायम कामगारांशेजारी कंत्राटी कामगारांची मोठी फळी उभी आहे, तेथे या शंकेला अडाणीपणा म्हणणे हे अन्यायाचे होईल. शंका मनात असलेला माणूस नियम सांगेल, पण अर्धेच. आणि अर्ध्या नियमांची प्रणाली अडाणी माणसापेक्षा घातक, कारण तिच्या बोलण्यात संकोच नसतो.

तेव्हा उपाय कराराच्या टेबलावर शोधला पाहिजे. या पट्ट्यातील मोठ्या कारखान्यांत व्यवस्थापन आणि संघटना यांच्यात ठराविक वर्षांनी वेतनकरार होतात. ज्याच्या अनुभवातून नियम आला, त्याचे नाव त्या नियमाशी नोंदले जावे, त्याबद्दल मोबदला मिळावा आणि ज्ञान दिल्याच्या कारणाने कोणाचे काम जाणार नाही, ही हमी त्या करारातच असावी. लहान कारखान्यांना हे एकेकट्याने झेपणार नाही. त्यांच्यासाठी निगडी-आकुर्डीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतील आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील विद्यार्थ्यांनी निवृत्त कामगारांकडे बसून, त्यांच्याच मराठीत, नियम टिपून घेतले, तर शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांना कपाटात धूळ खाण्यापेक्षा बरे प्रयोजन लाभेल.

आकुर्डीतील बजाज कारखान्यात २००७ मध्ये दुचाकींचे उत्पादन थांबले आणि या नगरीतील एक पर्व संपले. अशा पर्वांबरोबर किती हातांचे कसब विस्मरणात जाते, याचा हिशेब कोणत्याही ताळेबंदात येत नाही. विनामूल्य साधन संगणकावर उतरवून घ्यायला काही मिनिटे पुरतात. त्यात भरण्याजोगे सांगणारा माणूस घडायला तीस वर्षे लागतात, आणि विश्वास वाटल्याखेरीज तो तोंड उघडत नाही. साधनाची किंमत ठरवताना हा विश्वास मिळवण्याचा खर्च ज्यांनी धरलेला नाही, त्यांचे मूल्यमापन अजून सुरूच झालेले नाही.